वहीत न लिहिलेली वस्ती

उज्जयिनीच्या रामघाटावर उतरणाऱ्या यात्रेकरूस दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. पहिली ही की, वनवासात असता प्रभू रामचंद्रांनी दशरथ महाराजांचे श्राद्ध येथे केले आणि म्हणून घाटाला हे नाव पडले. दुसरी ही की, आपल्या पूर्वजांपैकी कोणी येथे येऊन गेले असेल, तर त्याची नोंद तीर्थोपाध्यायांच्या वहीत सापडेल. गाव, गोत्र आणि कुलदैवत सांगावे, उपाध्यायांनी लांबट वही उलगडावी, आणि कधी न पाहिलेल्या पणजोबांची नोंद एकाएकी समोर यावी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकी अनेकांनी कोणत्या ना कोणत्या क्षेत्री घेतला असेल. त्या क्षणी माणसाला आपण एकटे नाही असे वाटते. वहीचे सारे सामर्थ्य एवढ्यातच आहे.

रामाच्याच नावाने एक तिसरी कथा सांगितली जाते. ती हिजडा समाजात गुरूकडून चेल्याकडे तोंडी चालत आली आहे. वाल्मीकिरामायणात ती नाही. राम वनवासाला निघाले तेव्हा अयोध्येचे सारे लोक त्यांच्या मागोमाग नदीपर्यंत गेले. तेथे रामांनी सर्व स्त्रीपुरुषांस माघारी फिरण्यास सांगितले. स्त्रिया फिरल्या, पुरुष फिरले. परंतु जे स्त्रीही नव्हते व पुरुषही नव्हते, त्यांना कोणतीच आज्ञा झाली नव्हती. ते तेथेच थांबले. चौदा वर्षांनी राम परत आले तेव्हा ही माणसे त्याच तीरावर त्यांस भेटली, आणि त्यांच्या निष्ठेवर संतुष्ट होऊन रामांनी त्यांना आशीर्वाद देण्याचा अधिकार दिला.

कथा सुंदर आहे यात शंका नाही. परंतु टीकाकाराच्या दृष्टीने पाहिले तर तिच्यात एक मोठे मौन आहे. चौदा वर्षे म्हणजे पाच हजारांहून अधिक रात्री होतात. त्या रात्री या माणसांनी कशा काढल्या? चूल कोणी मांडली, आजाऱ्याच्या उशाशी कोण बसले, नवा येणारा भेदरलेला जीव कोणी आपल्या पांघरुणात घेतला, गाणे कोणी म्हटले? कथा आरंभीची आज्ञा सांगते, शेवटचा वर सांगते आणि मधली वस्ती गाळून टाकते. आमच्या मते, ज्यांना समाजाने घरात जागा दिली नाही अशा माणसांच्या रात्रीच्या मेळ्यांविषयी मराठीत जे काही लिहिले गेले, त्याचा मुख्य दोष नेमका हाच आहे. आरंभीचे दुःख आपण लिहिले, अखेरचा गौरवही लिहू लागलो; मधली वस्ती मात्र आपल्या वहीत नाही.

विषयाची मर्यादा प्रथम सांगतो. तृतीयपंथी आणि समलिंगी ही दोन नावे एकाच वस्तूची नव्हेत. हिजडा समाजाला घराणी आहेत, गुरुपरंपरा आहे, 'रीत' नावाचा प्रवेशविधी आहे. उलट पुरुषावर प्रेम करणारा पुरुष किंवा स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री ही बहुधा चारचौघांसारखीच नोकरीधंद्यात असते आणि तिच्या पाठीशी कोणतीही परंपरा उभी नसते. तथापि एका बाबतीत या सर्वांचे नशीब सारखे होते. दिवस यांचा नव्हता. दिवसा कचेरी, बाजार, नातेवाईक, विवाहाच्या वाटाघाटी. मनमोकळे बोलावयाचे ते दिवे लागल्यानंतर, एखाद्या उद्यानाच्या बाकावर, मद्यगृहाच्या मागच्या खोलीत, नाहीतर जत्रेच्या पालात. अशी स्थळे एकामागून एक नाहीशी झाली आणि होत आहेत. त्यांचे स्मरण मराठीने कसे ठेवले, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न उज्जयिनीतच विचारावा असे आम्हांस का वाटले, तेही सांगितले पाहिजे. रात्रीच्या नगराचे वर्णन करण्याची कला संस्कृत साहित्याने या नगरीच्या संगतीत आत्मसात केली. कालिदासाचा मेघ महाकालाच्या सायंपूजेपर्यंत थांबतो, तेथील नर्तकींना पाहतो आणि काळोख्या राजमार्गाने प्रियकराकडे जाणाऱ्या स्त्रियांना विजेचा उजेड दाखवतो. 'मृच्छकटिका'तील द्यूतगृह आणि वसंतसेनेचा वाडा हेही येथलेच. परंतु आमच्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे तो 'भाण' हा नाट्यप्रकार. १९२२ साली 'चतुर्भाणी' या नावाने चार जुने भाण एकत्र छापले गेले. त्यांपैकी शूद्रकाच्या नावावर असलेला 'पद्मप्राभृतक' उज्जयिनीत घडतो. वररुचीच्या नावावरचा 'उभयाभिसारिका' पाटलिपुत्रात घडतो. या दुसऱ्या भाणात सुकुमारिका नावाचे पात्र भेटते. ती 'तृतीया प्रकृती' आहे, म्हणजे स्त्री व पुरुष यांहून निराळी. भाणातला रंगेल निवेदक, म्हणजे विट, तिला प्रथम टाळू पाहतो. तरी अखेर थांबतो आणि तिच्या प्रियकराविषयीची तक्रार ऐकून घेतो.

भाणाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. रंगभूमीवर नट एकच असतो. तो रस्त्याने चालला आहे, वाटेत माणसे भेटत आहेत, तो त्यांच्याशी बोलत आहे. पण ती माणसे दिसत नाहीत. त्यांचे बोलणे तोच ऐकल्यासारखे करतो आणि आपल्याला सांगतो. शास्त्रकारांनी याला आकाशभाषित म्हटले आहे. तोंड एकाचे, पण ऐकू येते सारी गल्ली. कोण रुसले आहे, कोणाचे दागिने गहाण पडले आहेत, कोणाच्या दारातला दिवा आज लागला नाही, हे सर्व त्या एकाच तोंडून कळते. सुकुमारिकेचे वर्णन थट्टेचे आहे हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तिला त्या गल्लीत नाव आहे, घर आहे, प्रियकर आहे आणि तक्रार करण्याचा हक्क आहे. हरवलेल्या रात्रींविषयी लिहिणाऱ्या कोणत्याही निवेदकाला आम्ही हीच कसोटी लावू: त्याच्या एकट्याच्या तोंडून गल्ली ऐकू येते काय?

आधुनिक मराठी साहित्याला ही कसोटी लावली असता काय दिसते? विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या नायिकेला मराठी नाटकाच्या मध्यभागी उभे करण्याचे धैर्य त्या नाटकाने दाखवले, आणि तो मान त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. परंतु मित्राला नाटकभर आपल्यासारखे दुसरे माणूस भेटत नाही. जी भेटते ती तिची प्रेमपात्र असते, तिची जातभाई नव्हे. आणि शेवटी मृत्यू हाच तिचा सोबती होतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. तिच्यात एकाच घरातले भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. तिची हळवी नजर खरी आहे. पण तीही मुख्यतः घराच्या भिंतींतली गोष्ट आहे. आनंद यादवांच्या 'नटरंग'मध्ये (१९७८) नाच्या आहे, तमाशाची रात्र आहे, फड आहे. पण गुणा नाच्या होतो तो कलेसाठी, आणि त्याचे सारे दुःख लोकांनी त्याला 'तसला' समजावे या गैरसमजाचे आहे. जे खरोखरच तसे होते आणि ज्यांना साऱ्या गावात तमाशाचा फड हीच एक जागा उरली होती, त्यांचे काय झाले हा प्रश्न कादंबरीच्या बाहेर राहतो.

तात्पर्य, मराठीने हा माणूस एकवचनात लिहिला. त्याची खोली लिहिली, त्याची डायरी लिहिली, त्याचा मृत्यू लिहिला. त्याचे अनेकवचन लिहिले नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने (१९७२) कामाठीपुऱ्याची रात्र काव्यात आणून दाखवली, तेव्हा अशी सामुदायिक रात्र मराठीला पेलते हे सिद्ध झाले होते. पण त्या वाटेने पुढे फारसे कोणी गेले नाही.

म्हणूनच २०१२ साली मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केलेले 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन आम्हांस महत्त्वाचे वाटते. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांची ही कथा वैशाली रोडे यांनी शब्दबद्ध केली. ठाण्यात वाढलेले, नृत्याची ओढ असलेले, घरात लाडके पण बाहेर हिणवले जाणारे एक मूल आपल्यासारखे कोणी आहे काय याचा शोध घेत माटुंग्याच्या महेश्वरी उद्यानात जाऊन पोचते. तेथे त्याला अशोक राव कवी भेटतात. हे गृहस्थ पत्रकार. १९९० साली त्यांनी 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ साली 'हमसफर ट्रस्ट' ही संस्था उभी केली. तुझ्यात काही वावगे नाही, अभ्यास कर, अशा आशयाचा दिलासा त्या कोवळ्या जिवास त्यांच्याकडून मिळतो. हा प्रसंग पुस्तकात थोडक्यात आला आहे. पण आमच्या मते तो ग्रंथाचा गाभा आहे. एका बागेत, अंधार पडल्यावर, एक वडीलधारा माणूस एका मुलाला सांगतो की शाळा सोडू नकोस. ज्या स्थळाची वर्तमानपत्रांनी आणि पोलिसांनी केवळ अनीतीचा अड्डा म्हणून नोंद केली, त्या स्थळी हेही घडत होते.

पुढे डान्सबार येतात, नृत्याचे वर्ग येतात, हिजडा समाजात प्रवेश येतो, गुरू येते, चेले येतात. पुस्तकाचे बळ असे की, त्यात दुःखाची भीक मागितलेली नाही. लक्ष्मींना नटण्याची हौस आहे, पैसा मिळवण्याची ईर्षा आहे, लोकांनी आपल्याकडे पाहावे ही इच्छा आहे, आणि त्या ती लपवीत नाहीत. एकवचनी, कुढत्या नायकाच्या नंतर हा स्वर मराठीला नवा होता.

तरीही भाणाची कसोटी लावली की उणेपणा दिसू लागतो. पुस्तकाच्या नावातच 'मी' दोनदा आहे. ज्या बारमध्ये लक्ष्मी नाचल्या, तेथे त्यांच्या शेजारी कोण नाचत होत्या? त्या कोठून आल्या, मिळकतीची वाटणी कशी होत असे, पहाटे घरी जाताना त्या कोणाच्या सोबतीने जात, आजारी पडल्यास कोण पैसे पाठवीत असे? महेश्वरी उद्यानाच्या बाकांवरच्या इतरांचे पुढे काय झाले? ही माणसे पुस्तकात आहेत, पण चित्रपटातल्या गर्दीसारखी; नायिका पुढे सरकली की ती मागे विरतात. आत्मकथनाने आत्म्याची कथा सांगावी, त्यात गैर काय, असा प्रश्न कोणी करील. दलित आत्मकथनांचे उदाहरण त्याला पुरेसे आहे. त्यांतील चांगल्या ग्रंथांत 'मी' हा नेहमी वस्तीचा 'मी' असतो. लेखकाच्या आईबरोबर साऱ्या आळीच्या आया आपल्या ओळखीच्या होतात.

ही माणसे आता नव्याने भेटणे कठीण, कारण ती स्थळेच उरलेली नाहीत. महाराष्ट्र शासनाने कायदा करून १५ ऑगस्ट २००५ पासून डान्सबार बंद केले. लक्ष्मी त्या वेळी बारमधील नर्तकींच्या बाजूने उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाने २००६ साली ती बंदी घटनाबाह्य ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला, पुन्हा नवे कायदे झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील अनेक अटी रद्द केल्या. न्याय मिळाला, पण आठ आणि चौदा वर्षांनी मिळालेल्या न्यायाने उठलेली वस्ती परत बसत नाही. कुलाब्यात आर्थर बंदर मार्गावर 'व्हूडू' नावाचे मद्यगृह होते. तेथील शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून मुंबईभर ठाऊक होती. जागा लहान, उजेड बेताचा, दाराशी पैसे भरून आत जावयाचे. पण आत गेल्यावर कारकून आणि कारखानदाराचा मुलगा एकाच फरशीवर नाचत. तेही आता राहिलेले नाही.

या लोपाचे कारण केवळ पोलीस नव्हे. १८६० च्या दंडविधानातील कलम ३७७ ची टांगती तलवार होती तेव्हा ही स्थळे भीतीने एकत्र येत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ते कलम सैल केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पुन्हा आवळले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सज्ञानांच्या परस्परसंमत संबंधांना त्यातून मुक्त केले. तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला होता. ज्याला भेटावयाचे तो आता मोबाईलवर भेटतो. शिवाय मुंबईतील जागांची भाडी अशी वाढली की, आठवड्यातील एका रात्रीवर कोणतेही गृह तगणे अशक्य झाले. सोय झाली हे खरे. परंतु मोबाईलवर माणूस आपल्याला हव्या त्याच माणसाला भेटतो. बाकावर तो नको असलेल्यालाही भेटत असे: वयस्काला, गरिबाला, बडबड्याला. अशा नको असलेल्या माणसानेच कित्येकांना शाळा सोडू नकोस असे सांगितले. भीती गेली ही मोठी गोष्ट झाली. तिच्याबरोबर वडीलधारेपणही गेले याची नोंद कोणी करावयाची? बर्लिनमधील 'एल्डोराडो' या नृत्यगृहाचे दार नाझींच्या उदयाबरोबर बंद झाले, आणि १९३३ च्या मे महिन्यात डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड यांची संशोधनसंस्था लुटून तेथील ग्रंथ जाळले गेले. तेथे शत्रूने वही जाळली. आमच्याकडे ती जाळावी लागली नाही, कारण ती लिहिलीच गेली नव्हती.

आता पुन्हा क्षिप्रेच्या तीरावर येऊ. २२ एप्रिल ते २१ मे २०१६ या काळात उज्जयिनीस सिंहस्थ भरला. त्याच्या आदल्या वर्षी किन्नर अखाड्याची स्थापना झाली होती आणि लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर झाल्या होत्या. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र लिंगओळख मान्य केली होती. त्या दाव्यातही त्या सहभागी होत्या. सिंहस्थाच्या स्नानाचा क्रम ठरलेला असतो. रामघाट वैष्णव अखाड्यांचा, समोरचा दत्त अखाडा घाट शैवांचा. अखाडा परिषदेने मान्य केलेले अखाडे तेरा. चौदाव्याला त्या क्रमात जागा नव्हती. नव्या अखाड्याने आपली मिरवणूक काढली, आपले स्नान स्वतंत्रपणे केले, आणि आपला तळ ठोकला. त्या तळावर गर्दी लोटली. ज्यांना एरवी लोक चौकात टाळतात, त्यांच्याकडून आशीर्वादाचे नाणे घेण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे रांगेत उभी राहिली. नदीत त्या वेळी वाहत होते ते पाणीही पुष्कळसे नर्मदेचे होते, २०१४ साली पुऱ्या झालेल्या योजनेतून आणलेले. ज्या तीर्थाने दुसऱ्या नदीचे पाणी आपले म्हणून घेतले, त्याने या माणसांना आपले म्हणावयास काही हरकत नव्हती.

सिंहस्थ संपला, तंबू उतरले. पुढे २०१९ साली प्रयागच्या कुंभात हा अखाडा जुन्या अखाड्याच्या सोबतीने स्नानास गेला, आणि त्याचे स्थान पुष्कळ दृढ झाले. पण उज्जयिनीच्या त्या महिन्याविषयी आपल्यापाशी काय उरले? छायाचित्रे उरली, आणि बहुधा एकाच व्यक्तीची. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या त्या मंडळींची एका महिन्याची वस्ती, निरनिराळ्या घराण्यांचे एका छताखाली राहणे, दिवसाचे दर्शन आटोपल्यावर रात्री पालात चाललेल्या गप्पा, ही खरी सामग्री होती. चौदा वर्षांच्या त्या जुन्या कथेप्रमाणे येथेही आज्ञा आणि वर एवढेच लिहिले गेले.

आमचे काही वाचक येथे आम्हांस थांबवतील. मद्यगृह आणि तीर्थक्षेत्र यांना एका तागडीत घालता काय, असे ते विचारतील. प्रश्न योग्य आहे. पावित्र्याच्या बाबतीत आम्ही त्यांना सारखे लेखीत नाही. परंतु गरजेच्या बाबतीत ती सारखी आहेत. आपल्या गोमंतकातील देवालयांना अग्रशाळा असते. दूरदेशी गेलेला कुळावी परत येतो तेव्हा देवदर्शनाआधी त्याला पाठ टेकावयास जागा लागते, आणि त्याच ओसरीवर त्याला आपले आप्त भेटतात. ज्यांना कोणत्याही अग्रशाळेत उतरता येत नव्हते, त्यांनी आपली अग्रशाळा मिळेल तेथे केली. त्यांना चांगली जागा आपण दिली असती तर गोष्ट निराळी होती.

शिवाय स्थळ हरवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी शिकवावयास नको. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. मूळ स्थाने गेली. पण कोणत्या वाटेने, कोणत्या नदीपलीकडे, कोणत्या कुळांनी देव नेले, हे आपण विसरलो नाही. म्हणून आपण समाज म्हणून उरलो. महाकालाचे उद्ध्वस्त देवालय अठराव्या शतकात पुन्हा उभे राहिले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर शेणवी यांच्या हस्ते, हेही आपण अभिमानाने सांगतो. मग आपल्याच देवळांच्या रात्री आपण कितपत आठवतो? पालखीपुढे गाणाऱ्या कलावंतिणींच्या घराण्यांतून केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर निघाल्या. त्या दोन नावांचा आपण गौरव करतो. त्यांच्यासारख्या इतर शेकडो जणींची नावे कोणत्या महाजनांच्या दप्तरात आहेत? पेरणी समाजाचा जागर, ज्याला कोकणीत जागोर म्हणतात, देवळाच्या अंगणात रात्रभर चाले. तो आता जवळजवळ संपला. येथेही दोष तोच: एकवचन लिहिले, अनेकवचन गाळले.

उलट उदाहरणही गोमंतकातच आहे. मोगूबाईंचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुने ग्रामस्थ तेथे जमतात, सोमेश्वराची पूजा करतात, आणि हे आमचे घर, ही शेजाऱ्यांची ओसरी, येथे विहीर, असे एकमेकांना दाखवीत फिरतात. त्यात गावाचा गौरव नाही, गाऱ्हाणेही फार नाही. फक्त कोण कोठे राहत होते याची उजळणी आहे. हरवलेल्या स्थळाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येते असे आम्हांस वाटत नाही.

अशी उजळणी करताना दोन गोष्टींची सावधगिरी बाळगली पाहिजे. एक म्हणजे या वस्त्यांना स्वर्ग ठरवू नये. हिजडा घराण्यांत चेल्याच्या मिळकतीवर गुरूचा हक्क असतो, आणि त्या हक्काचा जाच होतो. मद्यगृहांत दारावरचे पैसे ज्याच्यापाशी नाहीत तो बाहेरच राहतो. कुटुंबाने टाकलेल्या माणसाने दुसरे कुटुंब उभे केले की पहिल्याचे दोषही त्यात उतरतात. ते झाकणे म्हणजे पुन्हा मौन पाळणे होय. दुसरी गोष्ट अशी की, रात्रसुद्धा सर्वांना सारखी मिळाली नाही. बागेत किंवा बारमध्ये रात्री एकटे जाणे पुरुषाला शक्य होते, बाईला नव्हते. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट मुंबईत १९९५ साली सुरू झाला, तो उंबऱ्याआडच्या भेटींवर वाढला. बंद दाराआडच्या त्या बैठकींचे स्मरण रस्त्यावरच्या दिव्यांनी झाकले जाऊ नये. जी अनामिक माणसे भगवी वस्त्रे धारण करू शकली नाहीत किंवा करू इच्छीत नव्हती, त्यांचाही हक्क या वहीवर तेवढाच आहे. धर्माने ज्याला स्वीकारले त्याचीच आठवण ठेवावयाची, असा नियम केला तर आपली वही अर्धीच राहील.

'मी हिजडा, मी लक्ष्मी' या ग्रंथाने दार उघडले, हे श्रेय आम्ही निःसंकोचपणे देतो. त्या दारातून आता इतरांनी यावे. बारमध्ये पेटी वाजवणाऱ्याने लिहावे, बागेच्या पहारेकऱ्याने सांगावे, शनिवारी दाराशी पैसे घेणाऱ्याने आठवावे, उज्जयिनीच्या तळावर भाकऱ्या थापणाऱ्या हातांना कोणीतरी विचारावे. ही माणसे वयस्क होत आहेत, काही गेलीही. यांना लिहावयास लावणे हे संपादकांचे काम आहे, आणि द्विभाषिक नियतकालिकांना ते विशेष साधण्यासारखे आहे, कारण अशा आठवणी पुष्कळदा घरच्या बोलीतच सांगितल्या जातात.

पुढचा सिंहस्थ उज्जयिनीस २०२८ साली भरेल. आमच्या वाचकांपैकी काही रामघाटावर जातील, उपाध्यायांपुढे बसतील आणि आपल्या कुळाची पाने उलटतील. कित्येक घराण्यांच्या वंशावळीत एखादा मुलगा असा निघेल की, ज्याच्या नावापुढे काहीच लिहिलेले नाही: विवाह नाही, संतती नाही, मृत्यूची तिथीही नाही. घरच्यांनी चौकशी सोडून दिली, एवढाच त्या कोऱ्या जागेचा अर्थ. तो कोठे गेला, कोणी त्याला जेवू घातले, कोणत्या नावाने त्याला हाक मारली गेली, हे सांगू शकणारी माणसे अजून हयात असतील तोवर ती जागा भरता येण्यासारखी आहे.